लहान केंद्र, थोडे तास
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेवर ‘पीकिंग प्लांट’ असे छापलेले पाहून सकाळपासून चौघांनी आम्हाला विचारले, हे पीक खरिपाचे की रब्बीचे? खुलासा आधीच करून टाकतो. हे इंग्रजीतले ‘पीक’, म्हणजे शिखर. विजेची मागणी दिवसभर एकसारखी नसते. दिवेलागणीला शहरात दिवे, पंखे, टीव्ही, वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात, मागणी चढते आणि रात्री उतरते. त्या चढाच्या तीन-चार तासांपुरते चालवायचे आणि एरवी कुलूप लावून ठेवायचे, असे जे वीजकेंद्र त्याला पीकिंग प्लांट म्हणतात. अमेरिकेत त्याला नुसते ‘पीकर’ म्हणतात. बहुधा ते नैसर्गिक वायूवर चालते.

कोळशाचे केंद्र म्हणजे सालगडी. आज कामाला लावला आणि उद्या घरी बसवला, असे त्याच्या बाबतीत चालत नाही. पीकर हा ऐन मळणीला बोलवायचा गडी. फरक एवढाच, की मळणीच्या गड्याला आपण आला त्या दिवसाची मजुरी देतो. ह्या गड्याला न आलेल्या दिवसांचीही द्यावी लागते. त्या हिशोबाकडे पुढे येऊ.

शेतमालाचे भाव, कर्ज, पाणी हे सगळे सोडून आज हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. ह्या विषयाचे मूळ आपल्याच एका मागणीत आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जायचे, विंचूकाट्याची भीती बाळगत पाणी धरायचे, त्याऐवजी दिवसा वीज द्या, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. शेतीचे फीडर सौर विजेवर टाकण्याची योजना महाराष्ट्रात २०१७ साली आली, २०२३ साली ती वाढवून पुन्हा मांडली गेली. दिवसाची वीज सूर्याकडून घ्यायची, हे चांगलेच. पण सूर्य मावळण्याची आणि शहराचे दिवे लागण्याची वेळ एकच आहे. दुपारी उदंड असलेली वीज संध्याकाळी तासाभरात नाहीशी होते आणि मागणी मात्र तेव्हाच चढते. ती खिंड कोणी लढवायची?

आजवर महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर कोयनेने केले. पाण्याची चक्की काही मिनिटांत सुरू होते. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवलेले आहे. मागणी वाढली म्हणून ते वाढत नाही. घाटघरला पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. मागणी त्याहून पुष्कळ पुढे गेली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याचे ११ वे कलम वापरून देशातली वायूवरची केंद्रे १ मे ते ३० जून चालू ठेवण्याचा हुकूम काढला, तो ह्याच अडचणीपायी.

तेव्हा उद्या एखाद्या तालुक्यात, गॅसची पाइपलाइन आणि विजेची मोठी वाहिनी जिथे जवळजवळ येतात अशा ठिकाणी, पन्नास-शंभर मेगावॅटचे केंद्र उभे करायचा प्रस्ताव आला तर नवल मानू नका. तो घेऊन येणारा माणूस दोन वाक्ये हमखास बोलेल. एक, ‘केंद्र लहान आहे.’ दोन, ‘थोडेच तास चालणार आहे.’ दोन्ही वाक्ये खरी असतील. खोटी वाक्ये उघडी पाडणे सोपे असते. खरी वाक्ये पुढे करून जेव्हा झाकपाक होते तेव्हा अधिक डोळसपणे पाहावे लागते.

ही दोन्ही वाक्ये ज्यांनी दहा वर्षे ऐकली, अशा एका शेतीच्या गावाची हकीकत सांगतो. गाव कॅलिफोर्नियातले, लॉस एंजेलिसच्या वायव्येला समुद्रकाठी, ऑक्सनार्ड नावाचे. गाव कसले, दोन लाख वस्तीचे शहर. पण स्ट्रॉबेरी आणि भाजीपाल्यावर जगणारे. शेतात राबणारे बहुतेक मेक्सिकोकडून आलेले मजूर. ह्या एका शहराच्या किनाऱ्यावर आधीच वायूची दोन जुनी मोठी केंद्रे होती. २००६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात उष्णतेची मोठी लाट आली, वीज कमी पडते की काय अशी धास्ती पसरली, आणि तिथल्या वीज नियामक आयोगाने सदर्न कॅलिफोर्निया एडिसन ह्या कंपनीला घाईने पीकर उभारायला सांगितले. कंपनीने पाच ठरवले. चार २००७ सालीच उभे राहिले. पाचवे ऑक्सनार्डच्या वाट्याला आले; त्याचे नाव मॅकग्रा. २००७ साली नगरपालिकेने त्याला नकार दिला. कंपनी किनारा आयोगाकडे अपिलात गेली, २००९ साली तिथे परवानगी मिळाली आणि २०१२ साली केंद्र सुरू झाले. पन्नास मेगावॅटच्या आतले. लहानच.

ह्या केंद्रातले यंत्र कसले असते ते समजून घेऊ. मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखाखाली जे जेट इंजिन असते त्याच जातीचे यंत्र जमिनीवर बसवायचे, त्यात वायू जाळायचा आणि त्याच्या आसावर जनित्र फिरवायचे. दहा-एक मिनिटांत ते पूर्ण ताकदीवर येते, हा त्याचा गुण. दोष असा की मागच्या बाजूने निघणारी प्रचंड उष्णता फुकट जाते. वायूच्या मोठ्या केंद्रात त्या उष्णतेवर वाफ करून दुसरे जनित्र चालवतात आणि वायूतली निम्म्याहून अधिक ऊर्जा विजेत उतरवतात. पीकरमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपासच उतरते. म्हणून एका युनिटमागे त्याचा कार्बन डायऑक्साइड मोठ्या वायूकेंद्रापेक्षा जास्त, अर्धा किलो किंवा थोडा वर, आणि कोळशापेक्षा बराच कमी. ४५ मेगावॅटचे यंत्र तासाला ४५ हजार युनिट देते, म्हणजे तासाला साडेबावीस टन किंवा जास्त कार्बन डायऑक्साइड. वर्षाला तीनशे तास चालले तर पावणेसात हजार टन. औष्णिक केंद्राच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे. वर्षाच्या बेरजेत पाहिले तर वाक्य खरे ठरते: थोडेच तास, थोडाच धूर.

पण धूर कधी निघतो? तुमच्या दारातला जुना ट्रॅक्टर आठवा. सकाळी बटण दाबले की पहिला काळा लोट निघतो. इंजिन तापले की धूर विरळ होतो. पीकरचेही तसेच आहे, फक्त लोट डोळ्यांना दिसत नाही. ज्वाला अतिशय तापली की हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. ती कमी करायला यंत्रात पाणी फवारतात, आणि पुढे धुराच्या वाटेवर अमोनिया सोडून एका जाळीवरून, म्हणजे उत्प्रेरकावरून धूर नेतात. नव्या ट्रकमध्ये २०२० पासून ‘युरिया’ टाकावा लागतो ना, तोच प्रकार. ह्या जाळीने ऑक्साइडे फारच कमी होतात. कॅलिफोर्नियात अशा यंत्रांना दशलक्ष भागांत अडीच भागांची मर्यादा पाळावी लागते, आणि ती पाळता येते.

मेख अशी की ती जाळी तापल्याशिवाय काम करत नाही. यंत्र दहा मिनिटांत पूर्ण चालू होते, जाळीला त्याहून जास्त वेळ लागतो. थंड केंद्र सुरू केले तर पहिला अर्धा तास धूर नीट न गाळताच बाहेर पडतो. म्हणून परवान्यात सुरू करतानाच्या आणि बंद करतानाच्या धुराला वेगळी, सैल मर्यादा दिलेली असते. महिना-महिना चालणाऱ्या केंद्राला ह्याने फरक पडत नाही. जे केंद्र संध्याकाळी सुरू करून रात्री बंद करायचे, त्याच्या एकूण आयुष्यात ह्या पहिल्या अर्ध्या तासांचाच वाटा मोठा. ‘थोडेच तास चालते’ ह्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा सुरू होते’ असाही आहे. तेव्हा पीकरवाल्याला तास किती हे विचारण्याआधी वर्षातून किती वेळा सुरू करणार, हे विचारायचे.

आणि ते तास कुठले? पाऊस पडतोय, वारा सुटलाय, हवा धुऊन निघाली आहे, अशा दिवशी पीकर लागत नाही. तो लागतो ऐन उन्हाच्या लाटेत, वारा पडलेला असताना, आधीच हवा वाईट असताना. ही ऑक्साइडे आणि पेट्रोल-डिझेलच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की जमिनीलगत ओझोन तयार होतो. दम्याच्या माणसाला तो बाधतो हे डॉक्टर सांगतील. पिकाचे आपण बोलू.

शहरी धुरक्याचा हा रोग पहिल्यांदा ज्या खुणांवरून कळला त्यांत शेतातल्या भाजीच्या खुणा होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४४ साली लॉस एंजेलिसच्या आसपास पालेभाज्यांची पाने चंदेरी, तांबूस होऊन करपू लागली. कीड दिसेना, बुरशी दिसेना. शेवटी ध्यानात आले की हवाच पाने खाते आहे. पुढे हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने, जो मुळात अननसाच्या स्वादावर काम करीत होता, सिद्ध केले की ही ऑक्साइडे, इंधनाच्या वाफा आणि ऊन ह्यांतून ओझोन होतो. १९५८ साली तिथल्याच संशोधकांनी द्राक्षाच्या पानांवरचे बारीक तपकिरी ठिपके ह्याच दोषाचे असल्याचे दाखवले. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांनी हे लक्षात ठेवावे. पानावरच्या प्रत्येक ठिपक्याला फवारणी हा इलाज नसतो. सोयाबीन, गहू, कापूस, घेवडा ह्यांनाही ओझोन बाधतो. पान करपले नाही तरी उतारा घटतो आणि शेतकरी बियाण्याला नाही तर नशिबाला दोष देत बसतो.

इथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट करतो. ओझोनचा सगळा दोष पीकरच्या माथी मारणे ही लबाडी होईल. मोटारी, ट्रक, कारखाने ह्यांचा वाटा फार मोठा असतो. पण भरलेल्या मडक्यात शेवटचा तांब्या ओतणाऱ्याने ‘माझा तांब्या लहान’ म्हणू नये, एवढेच.

वायूच्या ‘स्वच्छते’चा आणखी एक हिशोब चिमणीवर दिसतच नाही. विहिरीपासून केंद्रापर्यंत जो वायू गळतो तो मिथेन, आणि उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जबर. लॉस एंजेलिसजवळ अलिसो कॅनयन इथे जमिनीखाली वायू साठवून ठेवतात. तिथूनच त्या भागातल्या वीजकेंद्रांना पुरवठा होई. ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ ह्या काळात तिथली एक विहीर फुटून सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ह्या गळतीचा खर्च कुठल्याच पीकरच्या युनिटमागे लागलेला नाही.

आता पैशाचे बघू. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ साली अहवाल दिला, त्यात २०२१ सालचे आकडे आहेत. देशभरात ९९९ पीकर. एकूण वीजक्षमतेपैकी १९ टक्के त्यांची, आणि वर्षभरात त्यांनी दिलेली वीज ३.१ टक्के. उरलेला काळ ती उभी असतात, आणि उभे राहण्याचेही पैसे घेतात. ह्याला ‘क्षमता आकार’ म्हणतात. महाराष्ट्राला हा शब्द नव्याने शिकवायला नको. दाभोळला एन्रॉनचा प्रकल्प १९९९ साली सुरू झाला; वीज घ्या किंवा न घ्या, स्थिर आकार द्याच, असा तो करार होता. मे २००१ मध्ये वीज मंडळाने ती महाग वीज घेणे बंद केले. गंमत पाहा, त्याच २०००-०१ मध्ये हीच एन्रॉन कंपनी कॅलिफोर्नियात वीजबाजारात कारवाया करून टंचाई आणि भाव वाढवीत होती. तिथे भारनियमन झाले, आणि घाबरलेल्या राज्यपालांनी फेब्रुवारी २००१ मध्ये पीकरना झटपट परवाने देण्याचे हुकूम काढले. टंचाईचा बभ्रा आधी, घाईचे परवाने नंतर, हा क्रम ओळखून ठेवा. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळे काढले.

ऑक्सनार्डकडे परत येऊ. मॅकग्रा होऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच २०१४ साली त्याच किनाऱ्यावर आणखी एक पीकर ठरला. नाव प्युएंते, २६२ मेगावॅट. वीज नियामक आयोगाने २०१६ साली त्याचा करार मंजूरही केला. ह्या वेळी नगरपालिका, शेतमजूर, शाळकरी पोरे सगळी सुनावण्यांना जाऊन बसली. त्यांनी नुसते ‘नको’ म्हटले नाही. त्यांनी विचारले, ‘ह्या भागाला संध्याकाळी नेमकी किती मेगावॅट कमी पडते, किती तास, आणि ती दुसऱ्या मार्गाने भागवायला काय लागेल, हे तुम्ही मोजले आहे का?’ मोजलेले नव्हते. अखेर २०१७ साली राज्याच्या वीज ग्रीड चालकाला तो अभ्यास करावा लागला. ऑगस्टमध्ये अहवाल आला: बॅटऱ्या आणि सौर ह्यांनी काम भागते, पण महाग पडते. लोकांनी बॅटरीच्या धरलेल्या किमतींवर बोट ठेवले. त्या जुन्या होत्या आणि दरम्यान भाव खूप उतरले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुनावणी घेणाऱ्या दोन आयुक्तांनी आपण नकाराची शिफारस करणार असे जाहीर केले. कंपनीने काम थांबवले आणि २०१८ च्या अखेरीस अर्ज मागे घेतला. प्युएंतेच्या जागी त्याच परिसरात १०० मेगावॅट, चार तास चालणारी बॅटरी २०२१ साली सुरू झाली.

मॅकग्राच्याच दोन भावंडांना, नॉर्वॉक आणि रँचो कुकामोंगा इथल्या पीकरना, २०१७ साली दहा-दहा मेगावॅटची बॅटरी जोडली गेली. कशासाठी? पूर्वी अचानक वीज लागेल म्हणून यंत्र वायू जाळत फिरते ठेवावे लागे. आता पहिली काही मिनिटे बॅटरी देते, तेवढ्यात यंत्र सुरू होते. फुकटचे फिरणे आणि त्याचा धूर वाचला. म्हणजे आहे त्या पीकरचाही धूर कमी करता येतो. फक्त कोणी मागितले पाहिजे.

बॅटरी म्हणजे देवाचा प्रसाद, असेही आम्ही म्हणत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातच मॉस लँडिंगला जुन्या वायूकेंद्राच्या इमारतीत बसवलेल्या मोठ्या बॅटरीला आग लागली. हजारावर लोकांना हलवावे लागले, आणि जवळच्या खाजणाच्या मातीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट वाढलेले सापडले. भोवताली शेतीच आहे. तेव्हा बॅटरीवाला आला तरी प्रश्न विचारायचेच: बंदिस्त इमारतीत की उघड्यावर सुट्या पेट्यांत, आणि आग लागली तर धूर कुणाच्या रानावर?

शेवटचा मुद्दा आपल्या कायद्याचा. १ जून १९९९ नंतर उभारल्या जाणाऱ्या वायूवरच्या केंद्रांसाठी आपल्याकडे ह्या ऑक्साइडांची मर्यादा ठरवली गेली ती अशी: ४०० मेगावॅट आणि वरच्या केंद्राला दशलक्ष भागांत ५०; १०० ते ४०० मेगावॅटला ७५; आणि १०० मेगावॅटच्या आतल्याला १००. नीट ऐका. केंद्र जितके लहान तितकी मोकळीक जास्त. ज्या यंत्राला कॅलिफोर्नियात अडीचची मर्यादा पाळावी लागते, तसल्या यंत्राला इथे शंभर, म्हणजे चाळीस पट. ‘लहान आहे’ हे वाक्य तिथे निदान सबब म्हणून येते. इथे ते राजपत्रात नियम म्हणून छापले गेले. ह्यात यंत्राचा दोष नाही. जाळी बसवायची की नाही हा खर्चाचा प्रश्न आहे, आणि जो खर्च कारखान्याने केला नाही तो फुप्फुसाने आणि पानाने केला.

संध्याकाळी वीज लागते हे आम्ही नाकारत नाही. शहराला लागते, आपल्या घरालाही लागते. वायूचे केंद्र नकोच, असा ठराव आम्ही मांडत नाही. आम्ही मांडतो ती मागणी अशी की प्रस्ताव आला तर वर्षातून किती वेळा सुरू होणार, सुरू होतानाच्या धुराची मर्यादा काय, अमोनियाची जाळी बसणार का, पाणी कुठल्या धरणातून, उभे राहण्याचे पैसे किती वर्षे आणि कुणाच्या बिलातून, आणि पाणी चढवून सोडणे किंवा बॅटरी ह्यांच्याशी तुलना केली का, ह्याची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय गावाने संमती देऊ नये.

त्यासाठी कामाची माहिती. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जिथे जनसुनावणी लागू होते, तिथे निदान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका मराठी दैनिकात छापून येते. पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवतात, आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. साहेब जागेवर नाहीत, असे उत्तर मिळाले तर अर्ज देऊन पोच घ्या. प्रत्येक तालुक्याने ह्या तीन ठिकाणी महिन्यातून एकदा जाऊन येणारा एक माणूस आज जेवणाच्या सुट्टीत ठरवावा आणि त्याचे नाव व्यासपीठाजवळच्या वहीत लिहून द्यावे.